मुलगा खोटं बोलला, वडिलांनी पट्टा उचलला: एका ख्रिस्ती आईच्या पत्राला उत्तर

पत्र थोडक्यात असं आहे: "आम्ही नगर जिल्ह्यातले. मिस्टरांची कंपनी आठ महिन्यांपूर्वी बंद झाली. मुलांना अजून सांगितलेलं नाही, ते रोज साडेसातला डबा घेऊन निघतात आणि संध्याकाळी येतात. थोरला १६ वर्षांचा, यंदा दहावीला गणितात राहिला. मागच्या आठवड्यात कपाटातले १,८०० रुपये गेले. विचारलं तर 'मला माहीत नाही' म्हणाला. चार दिवसांनी त्याच्याच दप्तरात सापडले, जसेच्या तसे. मिस्टरांनी पट्ट्यानं मारलं आणि नंतर नीतिसूत्रांतलं छडीचं वचन मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हापासून तो उपासनेला येत नाही, आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. नणंद म्हणते, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून देवानं हात आखडला. मारायला बायबलची परवानगी आहे का? हे सगळं देवाची शिक्षा आहे का? आई म्हणून मी कुठं चुकले?"

सलाम ताई.

आधी तातडीचं. तो पट्टा पुन्हा उचलला जाता कामा नये. बकलानं डोळा जातो, कान जातो, आणि रागात मारणाऱ्याला आपला हात कुठं पडतोय याचं भान नसतं. मुलाला अशी वागणूक देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. आईबाप आहेत म्हणून सूट नाही. अंगावरचे वळ डॉक्टरांना दाखवा. "मी नसलेलाच बरा" अशा अर्थाचं काही तो बोलला, किंवा दार लावून तासन्‌तास बसायला लागला, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही रात्रीही चालू असतात. आणि हात तुमच्यावरही उठत असेल तर मला स्पष्ट लिहा, कारण मग माझं पुढचं उत्तर वेगळं असेल.

मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचे रविवारचे बायबलचे वर्ग, त्याहून जास्त वर्षं घेतली, आणि निवृत्तीनंतर आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कुटुंबांबरोबर बसून बोलणं हेच माझं काम झालं आहे. तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष पट्ट्यापेक्षाही एका ओळीपाशी अडकलं, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. डब्याची ओळ.

आठ महिने तुम्ही रोज पोळीभाजीचा डबा भरता. ते तो घेऊन निघतात, एसटी स्टँडवर नाहीतर कुणाच्या दुकानाच्या पायरीवर बसून खातात आणि ठरलेल्या वेळी घरी येतात. यात त्यांना हिणवण्यासारखं काहीच नाही. ज्या माणसानं वीस वर्षं पाळ्या करून घर चालवलं त्याला "आता पगार नाही" हे लेकरांसमोर म्हणणं किती जड जात असेल, हे मी ओळखते. माझ्या सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा ते असेच गप्प झाले होते. पण ताई, १६ वर्षांच्या मुलाला कळलेलं असतं. बाबांच्या शर्टाला आता ऑइलचा वास येत नाही. कंपनीचा गणवेश आठवड्यातून एकदाच धुवायला पडतो. दर रविवारी होणारं मटण महिन्यावर गेलं, आणि किराणावाल्याच्या वहीत आता आपलं पान आहे. त्याला कळलेलं आहे, आणि ज्या गोष्टीची लाज वाटते ती आपल्या घरात लपवायची असते, हेही तो शिकला आहे. मग तो गणितात राहिला. त्यानं पैसे काढले. आणि विचारल्यावर तेच केलं जे त्यानं आठ महिने पाहिलं होतं.

हे सगळं मी त्याची चोरी माफ करण्यासाठी लिहीत नाही. त्याबद्दल पुढं येतेच.

आता छडीचं वचन. अर्थ गुळगुळीत करून तुमचं समाधान करणं मला जमणार नाही. नीतिसूत्रांत छडीचा उल्लेख एकदा नाही, अनेकदा आहे (१३:२४, २२:१५, २३:१३-१४), आणि तेविसाव्या अध्यायात तर मारण्याबद्दलच बोललं आहे. त्या काळच्या घराघरांत, दरबारात, पाठशाळेत मार होता. पण त्याच जुन्या करारात हट्टी, बंडखोर मुलाला गावाच्या वेशीवर नेऊन दगडमार करण्याचाही नियम आहे (अनुवाद २१). तो आपण आज कुणी पाळत नाही आणि पाळावा असं म्हणतही नाही. म्हणजे जुन्या कराराचं वाचन आपण ख्रिस्ताच्या उजेडात करतोच. मग एक छडी तेवढी त्या उजेडाबाहेर का ठेवायची?

माझी धाकटी आठ वर्षांची असताना मी तिच्याकडून तेविसावं स्तोत्र पाठ करून घेत होते. माझ्या हातात लाकडी फूटपट्टी होती, एक शब्द चुकला की टेबलावर आपटायची, दुसऱ्यांदा चुकला की तिच्या हातावर. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" या ओळीपाशी ती थांबली. मला वाटलं विसरली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि विचारलं, "आई, काठी धीर कसा देईल?" तिचा तळहात लाल झालेला होता. मी ती फूटपट्टी खाली ठेवली, पण तिला उत्तर मात्र देऊ शकले नाही.

उत्तर मला मिळालं ते आमच्या गावाच्या शिवारात. सुगी झाली की धनगर येतात, शेतात मेंढ्या बसवतात. त्या काठीचं काम दोन दिवस बसून बघा. बाभळीची फांदी खाली ओढायची, ओढ्यात घसरलेल्या कोकराला आधार द्यायचा, कळप वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालताना काठी आडवी धरून एकेक मेंढी मोजायची, रात्री लांडग्याची चाहूल लागली की तीच काठी घेऊन उभं राहायचं. मार खाणारा असतो तो लांडगा. नीतिसूत्रांत छडीसाठी जो इब्री शब्द आहे, शेबेट, तोच तेविसाव्या स्तोत्रात आहे. आणि लेवीय २७:३२ मध्ये मेंढरं मोजताना ज्या काठीखालून जातात तिलाही तोच शब्द आहे. ज्या काठीनं मेंढरू मोजलं जातं, ते हरवलं तर त्याच काठीवाल्याला आधी कळतं. तुमच्या घरातला पट्टा या चार कामांपैकी कोणतं करत होता, एवढंच मिस्टरांना शांतपणे विचारा.

प्रेषित पौलानं इफिसकरांस पत्रात लिहिलं: "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." हे ज्या काळात लिहिलं त्या रोमी कायद्यात घरावर बापाची सत्ता जवळजवळ अमर्याद होती, मुलाच्या जिवावरसुद्धा. अशा बापांना कुणी "मुलांना चिरडीस आणू नका" असं सांगणं ही लहान गोष्ट नव्हती. कलस्सैकरांस लिहिताना त्यानं कारणही दिलं: नाहीतर मुलं खचतात. तुमचा मुलगा आज तुमच्याशी भांडत नाही, जेवायला येत नाही. हे बंड कमी आणि खचणं जास्त आहे, असं मला वाटतं.

शिस्त म्हणजे काय, हे मी उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातून शिकले. आदामानं चूक केली आणि झाडांमागं लपला. देवाला सगळं ठाऊक होतं. तरी तो आधी विचारतो: "तू कोठे आहेस?" मग हव्वेला विचारतो, हे तू काय केलंस? पुढच्या अध्यायात काइनाला विचारतो, तुझा भाऊ कुठं आहे? शिक्षा नंतर येते, आणि ती खरीखुरी येते, बाग सुटते. पण बागेबाहेर काढण्याआधी तो त्यांना चामड्याची वस्त्रं करून घालतो. त्यांची लाज झाकतो. प्रश्न, मग परिणाम, आणि परिणामातही पांघरूण. मी शाळेत आणि घरात जितकी वर्षं हा क्रम पाळला तितकी वर्षं मुलं माझ्यापर्यंत येत राहिली. जेव्हा मोडला तेव्हा ती लपली.

आणि दाविदाकडं बघा. राजांच्या पहिल्या पुस्तकात (१:६) दाविदाच्या मुलाबद्दल, अदोनीयाबद्दल, लिहिलं आहे की बापानं त्याला कधीही "तू असे का केलेस?" असं विचारून दुखवलं नाही. हे वचन आपण लाडावलेल्या मुलांबद्दल सांगतो, ते बरोबरच आहे. पण मार देणाऱ्या घरांतही हा प्रश्न विचारला जात नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता मला लाड आणि मार सख्खी भावंडं वाटतात. दोघांनाही उत्तर ऐकायला थांबायचं नसतं. तुमच्या मुलानं १,८०० रुपये काढले आणि चार दिवस त्यातला एक रुपया खर्च केला नाही. का, हे कुणी विचारलं? पुरवणी परीक्षेची फी होती? क्लासचे पैसे मागायची लाज वाटली? कुणी मुलगा त्याला धमकावत होता? की सरळ मोबाइलसाठीच साठवत होता? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि मार मात्र देऊन झाला.

खोटं बोलण्याबद्दल एक जुना नियम मी शाळेत वापरत आले. तो सुझॅना वेस्ली या बाईंचा, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या आईचा. इंग्लंडातल्या एपवर्थ गावच्या पाळकाची बायको. १९ मुलं झाली, त्यातली १० जगली. नवरा १७०५ साली कर्जापायी तुरुंगात गेला. १७०९ साली घराला आग लागली तेव्हा पाच वर्षांच्या जॉनला वरच्या मजल्याच्या खिडकीतून काढावं लागलं. या ओढगस्तीत त्या प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ वेगळी ठेवत, फक्त त्या एकाशी बोलायला. जॉनचा वार गुरुवार होता. १७३२ साली त्यांनी आपली पद्धत एका पत्रात लिहून काढली. त्यात आहे: चूक केलेल्या मुलानं ती सरळ कबूल केली आणि सुधारायचं वचन दिलं तर त्याला मार मिळणार नाही, यामुळं घरातलं बरंचसं खोटं थांबलं. आणि एकाच चुकीसाठी दोनदा शिक्षा नाही, नंतर ती उकरून काढणंही नाही. त्यांचं सगळंच मला पटत नाही. वर्षभराच्या लेकरांना हळू रडायला शिकवणं, मुलाची इच्छा आधी मोडणं, हे मी कुणाला सांगणार नाही. शिवाय एवढ्या शिस्तीच्या घरातल्या हेटी नावाच्या मुलीचं पाऊल घसरलं, तेव्हा बाप तिच्याशी समेट करायला तयार झाला नाही. शिस्त होती, पण परत यायची वाट बापानं बंद केली होती. पण तो कबुलीचा नियम सोन्यासारखा आहे. मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगायचे: खरं बोललास तर मी ओरडणार नाही, पण जे बिघडवलंस ते आपण दोघं मिळून दुरुस्त करू. काचा फुटल्या, वह्या फाटल्या, पेन चोरीला गेली. मुलं आपण होऊन टेबलापाशी येऊन उभी राहायची.

तुमच्या घरी हा नियम लावायचा तर आधी बापाची कबुली हवी. मुलाच्या आधी. हे मिस्टरांना अवघड जाईल, म्हणून मी शब्दच देते, ते आपल्या पद्धतीनं बदलतील: "बाळा, माझी नोकरी आठ महिन्यांपूर्वी गेली. मला सांगायची लाज वाटली म्हणून मी रोज बाहेर पडत होतो. हे मी चुकलो. तुला पट्ट्यानं मारलं ते त्याहून चुकलो. पुन्हा मारणार नाही. आता तू मला सांग, ते पैसे कशासाठी होते?" आणि एवढं म्हणून गप्प बसायचं. दहा मिनिटं गेली तरी. मधे तुम्ही बोलू नका ताई, डोळे पुसत "सांग ना बाळा" असंही नको. तो त्या दिवशी नाही बोलला तर दोन दिवसांनी बोलेल.

मग परिणाम. पैसे दप्तरातून मिळाले, म्हणजे रक्कम परत झाली. विश्वास नाही झाला. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयानं फक्त "चुकलो" म्हटलं नाही, चौपट परत देतो म्हटलं. तुमच्या मुलानं पुढचे दोन महिने घराचा हिशेब लिहावा, असं मी सुचवीन. किराणा, वीजबिल, उधारी, मंडळीचं दान, सगळं एका वहीत, दर शनिवारी बाबांच्या शेजारी बसून. यातून त्याला घराचं खरं कळेल आणि बापाला लपवायला जागा उरणार नाही. पैशाच्या कपाटाची किल्ली काही दिवस तुमच्याकडं ठेवा, आणि त्याला सांगून ठेवा. चोरून लपवू नका. मोबाइलची वेळ ठरवायची असेल तर ठरवा, पण ती शिक्षा म्हणून याच्यात मिसळू नका.

गणिताचं म्हणाल तर घाबरण्यासारखं काही नाही. पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. शाळेत जाऊन तारखा विचारून घ्या. मंडळीत कुणी निवृत्त शिक्षक असतील तर त्यांच्याकडं रोज तासभर पाठवा. नापास होणं पाप नाही, त्याची साक्ष उपासनेत मागायची गरज नाही, आणि "सगळ्यांनी आमच्या मुलासाठी प्रार्थना करा, नापास झालाय" असं कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेत, सांगण्याआधी त्याची परवानगी घ्या. मी हे कळवळून सांगते. आपल्याकडं प्रार्थनेच्या विनंतीत मुलांची अब्रू जाते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

त्याच्याच पाठोपाठचं दुसरं. संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत "हे प्रभू, या घरात कोणी कोणी खोटं बोलतं, त्याला सुबुद्धी दे" अशी प्रार्थना तुमच्याकडं होते का? मी शंभर घरांत ऐकली आहे, माझ्याही तोंडून गेली आहे. ती देवाला उद्देशून नसते, समोर डोळे मिटून बसलेल्या मुलाला मारलेला टोमणा असतो. मूल त्याला उत्तर देऊ शकत नाही, कारण मधे देव उभा केलेला असतो. अशा दोन वर्षांत मुलाला देव हा आईबापाच्या बाजूचा पोलीस वाटायला लागतो. त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण तुमच्या खोलीत. त्याच्यासमोर करायचीच तर स्वतःच्या चुकीची करा.

तो उपासनेला येत नाही तर ओढून नेऊ नका. दृढीकरणाचं, म्हणजे मंडळीसमोर स्वतःचा विश्वास कबूल करण्याचं, वय आहे, लोक विचारतील. "सध्या घरी आहे" एवढंच सांगा. येताना त्याच्यासाठी गरम वडापाव आणा, प्रवचन आणू नका. आणि त्याला एकदा तेराव्या स्तोत्राबद्दल सांगा, जिथं दावीद देवाला विचारतो, हे परमेश्वरा, कुठवर? की कायमचाच विसरणार मला? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया नाही. रागावून बोललेलं देव आपल्या पुस्तकात ठेवतो, हे त्याला कळू दे.

नणंदबाईंचं म्हणणं. बायबलमधल्या ईयोब या नीतिमान माणसावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र नेमकं हेच म्हणाले होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप त्या तिघांवर भडकला, ईयोबावर नाही. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हाही त्यानं हेच सांगितलं की ते इतरांहून जास्त पापी होते असं समजू नका. आपल्या जवळचंच बघायचं तर केडगावच्या पंडिता रमाबाई. आईबाप दुष्काळाच्या काळात गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. त्याच मनोरमेला मोठं केलं, तिच्या हाती काम सोपवायचं ठरवलं, आणि १९२१ साली तीही गेली. पुढच्या वर्षी, १९२२ च्या एप्रिलमध्ये, पंडिताबाई स्वतः. शेवटपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या हातात होतं. त्यांचा विश्वास कमी पडला होता, असं म्हणायला कुणाची जीभ धजेल? कंपनी बंद पडली ती मालकाच्या आणि बाजाराच्या कारणांनी. इब्री लोकांस पत्रात देवाच्या शिस्तीबद्दल लिहिलं आहे, खरं आहे. पण तिथं ती मुलगा मानल्याची खूण म्हणून आहे, हिशेब चुकता करण्यासाठी नाही. नणंदबाईंशी वाद घालू नका. पुढच्या वेळी आल्या तर त्यांच्या भावाजवळ बसायला सांगा, काही न बोलता.

तुम्ही कुठं चुकलात, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एका ठिकाणी चुकलात: डबा भरत राहिलात. बाकी ज्या गोष्टी रात्री झोपू देत नाहीत त्यांचं ओझं तुमचं नाही. पुढं मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेल्या ऑगस्तीनासाठी त्याच्या आईनं, मोनिकेनं, वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली, आणि त्याचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. त्या ऑगस्तीनानं स्वतः लिहून ठेवलं आहे की लहानपणी शाळेत मार मिळू नये म्हणून तो देवाची प्रार्थना करायचा, आणि त्या वळांना मोठी माणसं, आईबापसुद्धा, हसायची. त्याला ते विसरता आलं नाही. एवढ्या प्रेमळ आईच्या हातूनही ते झालं होतं.

मिस्टरांसाठीही कुणीतरी हवं. पाळकसाहेबांना किंवा मंडळीतल्या समवयस्क वडिलांना, ज्यांची स्वतःची नोकरी कधी गेली असेल अशांना, त्यांच्याबरोबर चालायला पाठवा. घरी बोलावून उपदेश नको, संध्याकाळी नुसतं दोन किलोमीटर चालणं. त्यांची झोप, जेवण बिघडलं असेल, पिणं सुरू झालं असेल, तर १४४१६ त्यांच्यासाठीही आहे.

शनिवारी रात्री मिस्टरांशी एकट्यानं बोला, हे उत्तर वाचून दाखवा हवं तर. रविवारी उपासनेहून आल्यावर जेवणाआधी मुलांना सांगा, धाकट्यालाही सांगा. त्याला वेगळं पाडू नका. आणि सोमवारी सकाळी डबा भरू नका. साडेसातला सगळ्यांना घरीच, गरम पोळी वाढा.